सुखसोयींचा त्याग : कशासाठी आणि कोणासाठी?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त वळ येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी उपासाविषयी बोलणे म्हणजे लग्नघरी काटकसरीचा उपदेश करण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी कोणास वाटले तर त्यास आम्ही दोष देणार नाही. मंडप उभारला आहे, मुलांनी नवे कपडे घातले आहेत, जेवणाची तयारी चालली आहे. अशा वेळी सुखसोयींवाचून राहण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न कोणी का काढावा? तथापि हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे, आणि त्याचे कारण खुद्द महोत्सव या कल्पनेतच दडलेले आहे.

पवित्र शास्त्रातील लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय आपण उघडला, तर महोत्सवाचे मूळ रूप तेथे पाहावयास मिळते. सात वर्षांची सात आवर्तने संपली, म्हणजे पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, अशी देवाची आज्ञा होती. त्या वर्षी पेरणी करावयाची नाही, आपोआप उगवलेल्या पिकाची कापणी करून कोठारे भरावयाची नाहीत. ज्याची जमीन अडचणीपोटी दुसऱ्याच्या हाती गेली असेल त्याने आपल्या वतनात परत यावे, आणि गरिबीमुळे जो दास झाला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या कुटुंबात जावे. म्हणजे पहिला महोत्सव हा भरलेल्या ताटाचा नव्हता, तर राखून ठेवलेल्या हाताचा होता. एकाने एका वर्षाच्या पिकावर पाणी सोडावे, म्हणजे दुसऱ्यास आपली भूमी आणि आपले घर परत मिळावे, असा त्याचा अर्थ होता. तेव्हा महोत्सवी दिवशी त्यागाविषयी बोलणे अप्रस्तुत नाही. किंबहुना ते न बोलणेच अप्रस्तुत ठरेल.

आता हा प्रश्न वळ गावी विचारण्यास आणखी एक विशेष कारण आहे. आपला भिवंडी तालुका एके काळी भातशेतीचा होता, आणि शहरात मागांचा खडखडाट चाले. आज वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली अशा गावांच्या शिवारात भाताच्या खाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या उंबरठ्यावर, अशी ही जागा व्यापाऱ्यांस सोयीची वाटली. पुढे १ जुलै २०१७ रोजी नवी करपद्धती येऊन मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. मनुष्यास ज्या ज्या वस्तूंचा मोह पडतो, त्यांपैकी बहुतेक वस्तू आज आपल्या गावाभोवतीच्या पत्र्याच्या छपरांखाली रचून ठेवलेल्या असतात. शीतपेट्या, पादत्राणे, चित्रवाणीचे संच, सुगंधी साबण, मुलांची खेळणी, सारे येथे उतरते आणि येथूनच चढते. ज्यांच्या पाठीवरून हा माल जातो त्यांच्या घरी त्यांतील फारच थोडे पोहोचते. जगाच्या सुखसोयींचे कोठार ज्या गावात आहे, त्या गावातच सुखसोयींवाचून राहण्याचे मोल काय, हे ठरले पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. वस्तूंवाचून राहण्याचे तीन प्रकार आहेत, आणि बाहेरून पाहणारास ते तिन्ही सारखेच दिसतात. तिघांच्याही अंगावर जुने वस्त्र असते, तिघांच्याही ताटात कोरडी भाकरी असते. परंतु एक दरिद्री असतो, दुसरा कृपण असतो आणि तिसरा त्यागी असतो. या तिघांस एकाच मापाने मोजणे हा मोठा अन्याय होय.

दारिद्र्य हे कोणी निवडलेले नसते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी त्यांनी खाल्ली, आणि मुलांच्या हातावर सुकडी पडली म्हणजे दिवस पार पडला असे मानले. नगर आणि मराठवाडा या भागांतून जी कुटुंबे पोटासाठी इकडे आली, त्यांच्या वडीलधाऱ्यांस त्या वर्षाची आठवण नव्याने करून देण्याचे कारण नाही. त्या उपासास कोणी पुण्य म्हणू नये. भुकेल्या मनुष्यास उपासाचे महत्त्व सांगणे हे पाप आहे, आणि ते पाप पोट भरलेल्या उपदेशकांकडून अनेकदा घडते. प्रभू येशूने भुकेल्या समुदायास संयमावर प्रवचन दिले नाही. त्याने त्यांस गवतावर बसविले आणि भाकरी दिली. तेव्हा आम्ही आज जे बोलणार आहोत ते, ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्यास उद्देशून नाही. त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय, एवढेच आपण त्याच्या बाबतीत बोलावे.

कृपणता ही दारिद्र्याची नक्कल आहे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण आपल्या लोकांनी ज्याच्यासाठी केली, तो मनुष्यही थोडक्यात राहतो. परंतु त्याचे राहणे थोडके असते आणि त्याची तिजोरी मोठी असते. संत लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात एका धनवान शेतकऱ्याचा दाखला आहे. पीक भरपूर आले, तेव्हा त्याने मनाशी ठरविले की जुनी कोठारे मोडावी आणि मोठी बांधावी, आणि मग जिवास म्हणावे की आता विसावा घे. त्याच रात्री देवाने त्याचा जीव मागितला. या दाखल्यात त्या मनुष्याने चोरी केल्याचे लिहिलेले नाही, कोणास छळल्याचे लिहिलेले नाही. त्याने आधी साठविण्याचा विचार केला, मग उपभोगाचा केला. शेजाऱ्याचा विचार मात्र त्याच्या बोलण्यात कोठेच आला नाही. वळ गावी राहणाऱ्या आपणांस मोठ्या कोठारांचा दाखला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रकार त्यागाचा. त्याचे स्वरूप कळावे म्हणून आम्ही आपल्याच भूमीतील तीन माणसे आपल्यापुढे उभी करतो. त्यांतील दोघे आपल्या धर्माचे आहेत; तिसरे नाहीत, परंतु त्यांचे उदाहरण सोडून देणे हा करंटेपणा ठरेल.

पहिले संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यास आपल्या शेजारच्या वसईस त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षकाचे काम करू लागले. पुढे ते व्यापारात शिरले आणि मकाव बंदरी चांगले नावारूपास आले. मनुष्य एवढ्यावर समाधानी होऊन बसला असता तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. परंतु त्यांनी व्यापार सोडला, मनिला येथे संत फ्रान्सिसच्या संघात साधे बंधू म्हणून प्रवेश केला, आणि १५९३ साली दुभाषी होऊन ते पुन्हा जपानास गेले. ज्या भाषेने त्यांनी पैसा मिळविला होता, तीच भाषा आता त्यांनी गरिबांच्या आणि रोग्यांच्या सेवेस लावली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर मारण्यात आले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांनी व्यापाराचा तिटकारा केला नाही. व्यापारात अडकलेले आपले दोन हात त्यांनी मोकळे करून घेतले, एवढेच.

दुसरे संत जोसेफ वाझ. १६५१ साली गोव्यात बाणावली येथे सुस्थितीतील घराण्यात त्यांचा जन्म झाला. लंकेत डच लोकांच्या अमलाखाली कॅथलिक प्रजेस धर्मगुरू उरला नाही, असे ऐकून १६८७ साली ते मजुराच्या वेषात, अनवाणी पायांनी तेथे उतरले. दारोदार भिक्षा मागत त्यांनी लपून राहिलेली ख्रिस्ती घरे शोधून काढली. १६९७ साली कँडी नगरात देवीची साथ पसरली. ज्यांच्याजवळ साधने होती ते नगर सोडून गेले, आणि ज्यांनी आधीच सर्व काही सोडले होते असे हे धर्मगुरू मागे राहून रोग्यांची शुश्रूषा करीत बसले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांनी देह ठेविला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संत म्हणून घोषित केले. मजुराचा वेष त्यांनी गरिबीच्या हौसेने घेतला नव्हता. ज्या दारांतून श्रीमंताच्या वेषाने आत जाता आले नसते, त्या दारांतून आत जाता यावे म्हणून घेतला होता.

तिसरे गाडगे महाराज. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी १९०५ साली घर सोडून बाहेर पडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती एक फुटके गाडगे, एवढीच त्यांची दौलत होती. त्याच गाडग्यात ते खात, त्यातूनच पाणी पीत, आणि त्यावरूनच लोकांनी त्यांस नाव दिले. गावात शिरले म्हणजे ते आधी हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. इतके कडक उणे जीवन आपल्या प्रांतात फार थोड्यांनी जगले असेल. परंतु या मनुष्याने काय उभारले ते पाहा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. अंधपंगूंस अन्न दिले. मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे यांस हातभार लावला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांचे देहावसान झाले.

बंधुभगिनींनो, या जीवनातील मर्म एका वाक्यात सांगता येईल. जो स्वतः झाडाखाली निजला त्याने दुसऱ्यांसाठी छपरे बांधली. छप्पर ही वाईट गोष्ट आहे असे त्यास वाटते तर त्याने धर्मशाळा बांधल्याच नसत्या. त्याने लोकांस झाडाखाली निजण्यास सांगितले असते. लोकांस तो सांगे ते एवढेच की, जेवणाचे ताट मोडावे लागले तर मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोसाठी कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलास शाळेत घातल्यावाचून राहू नका. कर्ज काढून सण करू नका. दारूस शिवू नका. म्हणजे कोणत्या गोष्टीवाचून राहावे याचा त्याच्यापाशी एक हिशेब होता, आणि त्या हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यात नेहमी एक मूल, एक रोगी किंवा एक थकलेला यात्रेकरू असे. कृपणाच्या वहीत तो दुसरा रकाना कोराच असतो. त्यागी आणि कृपण यांतील सारा भेद त्या दुसऱ्या रकान्यात आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग जेवढे अधिक सोडावे तेवढे अधिक चांगले. ख्रिस्तसभेने असे कधीही शिकविलेले नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जो नियम लिहिला तो या दृष्टीने फार शहाणपणाचा आहे. त्यात प्रत्येकास दिवसास एक रत्तल पाव, शिजविलेले दोन पदार्थ आणि मापाने थोडा द्राक्षारस देण्यास सांगितले आहे; दोन पदार्थ अशासाठी की, एक ज्यास खाववत नाही त्याने दुसरा खावा. वस्त्रे दोन जोड, म्हणजे एक धुण्यास गेले तरी दुसरे अंगावर असावे. आणि नवे वस्त्र मिळाले म्हणजे जुने गरिबांसाठी परत करावे. ज्याची गरज थोडी आहे त्याने देवाचे आभार मानावे आणि खिन्न होऊ नये. ज्याची गरज अधिक आहे त्याने आपली दुर्बळता ओळखून नम्र राहावे. म्हणजे सर्वांस सारखे नव्हे, तर ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. एका संन्यस्त घरात जर इतका विवेक ठेवावयाचा, तर प्रपंचात तो किती अधिक ठेविला पाहिजे!

असिसीच्या संत फ्रान्सिसांचीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. दारिद्र्यास आपली स्वामिनी म्हणणारे हे संत आपल्या देहास गमतीने ‘गाढवबंधू’ म्हणत. परंतु अंतकाळ जवळ आला तेव्हा, या गाढवबंधूवर आपण फार ओझे लादले, असे म्हणून त्यांनी आपल्याच देहाची क्षमा मागितली असे सांगतात. आजच्या धर्मकायद्यातही उपासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे; आजारी, गरोदर आणि अंगमेहनतीची जड कामे करणारे यांच्यावर भार घालू नये, अशीच परंपरा आहे. बारा तास मागावर उभा राहणारा किंवा दिवसभर पोती वाहणारा मनुष्य शुक्रवारी पोटभर जेवला, तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा अधिकार कोणासही नाही.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे, आणि ती बहुधा भाषणांत राहून जाते. त्याग करणारा एक आणि त्याची किंमत देणारा दुसरा, असे घरोघर घडते. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात कविवर्य नारायण वामन टिळक यांचे नाव कोणास ठाऊक नाही? ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्यांची भक्ती आपणही वंदनीय मानतो. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे. दिसेल त्या गरजवंतास ते देऊन मोकळे होत. परंतु त्या औदार्याच्या मागे चूल कोणी पेटती ठेविली, हे जाणावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्या बाईंनी रडगाणे गाइलेले नाही. हसत हसतच सारे सांगितले आहे. तरी वाचणाराच्या ध्यानात येते की, पतीचा त्याग हा पत्नीने अर्धा उचलला होता. गाडगे महाराज घर सोडून गेले तेव्हाही मागे आई, पत्नी आणि लहान मुले होतीच. थोरांच्या थोरवीस यामुळे बाध येत नाही. परंतु आपण, जे थोर नाही, त्यांनी यातून धडा घ्यावा.

घरात काटकसर करावयाचे पुरुषाने ठरविले, म्हणजे पहिल्याने कोणाच्या ताटातील भाजी कमी होते? सर्वांस वाढून झाल्यावर, मला आज भूक नाही, असे कोण म्हणते? पंखा बंद ठेवून वाचविलेले पैसे कोणाच्या घामाचे असतात? आणि त्याच घरातील पुरुषाची तंबाखू, त्याचा पेला, त्याची मित्रमंडळी यांवर काटकसरीची कात्री चालते काय? ज्या काटकसरीत घरधन्याचे व्यसन शाबूत राहते आणि घरधनिणीचे औषध लांबणीवर पडते, तिला त्यागाचे नाव देणे म्हणजे त्यागाची विटंबना आहे. त्याग स्वतःपासून सुरू होतो. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडण्यास आपणांस अधिकार नाही.

आता आपल्या काळातील मोहाकडे वळू. पूर्वी मनुष्यास हवी ती वस्तू परवडत नसे, म्हणून तो तिच्यावाचून राही. आज ती वस्तू परवडत नसली तरी हप्त्यांनी घरी येते. वस्तू पहिल्या दिवशी येते आणि तिचे ओझे महिनोन्‌महिने येत राहते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांस शिकवितो. परंतु आता अंथरूणच हप्त्याने मिळू लागल्याने पाय किती पसरावे याचा अंदाज राहिलेला नाही. लग्नाचे म्हणाल तर विवाह हा पवित्र संस्कार आहे, आणि त्यास लागणाऱ्या गोष्टी म्हणजे वधू, वर, त्यांची संमती, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. बाकीचे सारे आपण जोडलेले आहे. त्यांतील आनंदाचा भाग अवश्य ठेवावा. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो आनंदास हरकत नाही म्हणूनच. परंतु शेजाऱ्याच्या मंडपाहून आपला मंडप मोठा दिसावा म्हणून काढलेले कर्ज हे आनंदासाठी नसते, ते भीतीसाठी असते; लोक काय म्हणतील या भीतीसाठी. त्या एका दिवसाचे व्याज पुढे मुलांच्या शिक्षणाच्या वर्षांतून वळते होते.

जमीन विकून किंवा भाड्याने देऊन ज्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम आली, त्यांनी तर हा विचार अधिकच करावयास हवा. शेतीचे पीक वर्षास येते. विकलेल्या शेताचे पीक एकदाच येते. ते पीक गाडीत, दागिन्यांत आणि जेवणावळींत खाऊन टाकले, तर पुढील पिढीस ना शेत, ना पैसा, ना विद्या. लेवीय ग्रंथातील महोत्सवी वर्षी गेलेली जमीन परत मिळे. आपल्या काळी ती परत मिळत नाही. म्हणून तिच्या मोबदल्यात जे आले ते तरी मुलांच्या विद्येत आणि घराच्या आरोग्यात रुजविले पाहिजे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. कोणी म्हणेल, “महाराज, सर्वांनीच वस्तू घेण्याचे सोडले तर ही गोदामे ओस पडतील आणि हमालाचा रोज बुडेल. एकाचा खर्च हीच दुसऱ्याची मिळकत.” हे खरे आहे. परंतु आम्ही पैसा पुरून ठेवा असे सांगत नाही. तसे कृपण सांगतो. दिखाव्यावरून वाचविलेला पैसा शिक्षकाच्या वेतनात, वैद्याच्या औषधात, घराच्या दुरुस्तीत, शेजाऱ्याच्या अडचणीत गेला, तर तोही कोणाची तरी मिळकत होतोच. पैसा फिरलाच पाहिजे. तो कोणत्या वाटेने फिरावा, एवढाच आपला प्रश्न आहे.

आणि समजा, आपल्या त्यागाने दुसऱ्या कोणाचाही थेट लाभ झाला नाही, तरी त्यात काही मोल आहे काय? आमच्या मते आहे, परंतु ते दुसऱ्या जातीचे आहे. ज्यास थोडक्यात भागविता येते त्यास भय दाखविणे कठीण असते. ज्याच्या डोक्यावर हप्ता नाही तो मालकाच्या अन्यायास नाही म्हणू शकतो. ज्यास मेजवानीची चटक नाही तो निवडणुकीच्या वेळी आपले मत विकत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणाविषयी जे परिपत्र काढले, त्यातही हाच विचार आहे की, स्वेच्छेने आणि जाणूनबुजून स्वीकारलेला साधेपणा मनुष्यास मोकळे करतो. स्वेच्छेने, हा शब्द महत्त्वाचा आहे. लादलेला साधेपणा मनुष्यास मोकळे करीत नाही. तो त्यास खचवितो.

तेव्हा व्यवहारात काय करावे? येथे आम्ही दुसऱ्या शतकातील एक जुनी रीत आपल्यापुढे ठेवितो. रोम येथील हर्मास नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाच्या ग्रंथात उपासाची रीत सांगितली आहे ती अशी. उपासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी यांवर राहावे. त्या दिवशी एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत हिशेबाने काढावी. आणि ती रक्कम विधवेस, पोरक्यास किंवा गरजवंतास द्यावी. पाहा, अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या साध्या मनुष्याने दुसरा रकाना कोरा ठेविला नाही. त्याच्या आधी कित्येक शतके यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच बजाविले होते की, देवास आवडणारा उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्यास आपल्या भाकरीतील वाटा देणे आणि उघड्यास पांघरूण घालणे.

ही रीत आपल्या धर्मग्रामात सहज चालू करता येईल. प्रायश्चित्तकाळात प्रत्येक घराने आपणच ठरवावे की कशावाचून राहावयाचे. पुरुषाने आपल्या वस्तूचे ठरवावे, स्त्रीने आपल्या, मुलांनी आपल्या. त्याची किंमत एका डब्यात टाकावी. पुनरुत्थानाच्या सणास ते डबे एकत्र करून ती रक्कम गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या फीस, एखाद्या रोग्याच्या उपचारास, किंवा परप्रांतातून येऊन गोदामांच्या आडोशाने राहणाऱ्या एखाद्या कामगाराच्या अडल्या वेळेस लावावी. मग तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नये. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण जाणतोच. आणि रक्कम लहान झाली म्हणून कोणी लाजू नये. मंदिराच्या भांडारात विधवेने टाकलेली दोन नाणी प्रभूने सर्वांत मोठी मानिली, कारण ती तिने आपल्या गरजेतून टाकिली होती. आपण तर पुष्कळदा केवळ उरल्यासुरल्यातून देतो.

शेवटी तीन प्रश्न आपल्या घरी घेऊन जावे, अशी आमची विनंती आहे. एखाद्या सुखसोयीवाचून राहण्याचे मनात आले, म्हणजे पहिल्याने विचारावे : हे मी आपल्या इच्छेने सोडीत आहे, की दुसऱ्या कोणास सोडावयास लावीत आहे? दुसरे : यामुळे माझे किंवा माझ्या माणसांचे शरीर, शिक्षण किंवा औषधपाणी यांस धक्का तर लागत नाही ना? तिसरे : जे वाचले ते कोणाकडे जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट आली, तर तो त्याग खरा, मग तो एका पेल्या चहाचा असो की सबंध आयुष्याचा. उत्तरे नीट आली नाहीत, तर चिंध्या पांघरूनही मनुष्य कृपणच राहतो.

आता थोड्याच वेळाने आपण भोजनास बसू. या मंडपात आज कोणीही उपाशी उठू नये, आणि जो आमंत्रणावाचून दाराशी येईल त्याचेही पान मांडले जावे. महोत्सवाची ती पहिली खूण आहे. आनंदाने जेवावे, देवाचे आभार मानावे, आणि ज्या प्रभूने श्रीमंत असून आपल्यासाठी दारिद्र्य पत्करिले, त्याने या धर्मग्रामास भरल्या हाताने देण्याची आणि मोकळ्या हाताने जगण्याची बुद्धी द्यावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

देव आपणां सर्वांचे कल्याण करो.